ताईचे मास्क मी धुवून वाळत घातले होते, त्याची गोष्ट

२०२०च्या एप्रिलमधली, करोनाच्या साथीतली गोष्ट आहे. लिहीन लिहीन म्हणतोय कधीपासून, पण दर वेळी थोडी लाज वाटायची आणि राहून जायचं. ताईची तेव्हा हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये ड्युटी होती आणि एन९५ मास्क मोजून मिळायचे, आठवड्याला दोन, ते पण रजिस्टरमध्ये सही करून. ड्युटीवरून आली की मास्क काढून दाराबाहेरच्या खोक्यात ठेवायची, तडक अंघोळीला जायची आणि मगच कुणाशी बोलायची. तर एके दिवशी ती नाइट करून आली, झोपली, आणि मला वाटलं आपण पण काहीतरी मदत करावी. ग्लोव्हज घातले, बादलीत गरम पाणी घेतलं, कपड्याची पावडर टाकली, दोन्ही मास्क तासभर भिजवले, चोळले, दोन पाण्यातून काढले, वरून सॅनिटायझरचा फवारा मारला (हो, खरंच) आणि चिमटे लावून कडक उन्हात दोरीवर टाकले. संध्याकाळपर्यंत नवेकोरे दिसायला लागले, वास पण छान. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या पर्सशेजारी ठेवून दिले आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

ताई उठली, पिशवी बघितली आणि म्हणाली, "धुतलेस?"

म्हटलं हो, एकदम स्वच्छ केलेत, दोन्ही.

ती पलंगाच्या कडेला बसली, दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, घाण होते तेच बरे होते रे."

रागावली असती तर परवडलं असतं. ती त्या रात्री मैत्रिणीकडून एक मास्क उसना घेऊन ड्युटीला गेली आणि मी मोबाइल घेऊन वाचत बसलो की माझं नक्की चुकलं काय. ते वाचन मग दोनतीन महिने चाललं, कारण विषय वाटला होता त्यापेक्षा बराच खोल निघाला. आज जे लिहितोय ते त्यातलंच, मला जेवढं नीट कळलं तेवढं.

तर सगळ्यात आधी डोक्यातून काढायची गोष्ट म्हणजे चाळणी. मला वाटायचं मास्क म्हणजे अतिशय बारीक चाळणी, भोकं विषाणूपेक्षा लहान, म्हणून विषाणू अडकतो. तसं असतं तर धुतल्याने काहीच बिघडलं नसतं, पिठाची चाळणी आपण धुतोच की. पण एन९५च्या आतल्या धाग्यांमधल्या फटी कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. आत पॉलिप्रॉपिलीनचा एक थर असतो, त्याला मेल्टब्लोन म्हणतात, म्हणजे प्लास्टिक वितळवून गरम हवेच्या झोतात उडवून त्याचे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, वेडेवाकडे धागे केलेले असतात. हवा त्या जंजाळातून वळणं घेत जाते. मोठे कण जड असतात, त्यांना वळता येत नाही, ते सरळ जाऊन धाग्यावर आपटतात. एकदम बारीक कण उलट इतके हलके असतात की हवेच्या रेणूंचे धक्के खात इकडेतिकडे भरकटतात आणि भरकटता भरकटता कुठेतरी चिकटतात. पंचाईत होते मधल्यांची, जे ना जड ना पुरेसे भरकटणारे, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणून अमेरिकेतली नायोश ही संस्था, जी या मास्कना मान्यता देते, ती अशाच अवघड आकाराच्या मिठाच्या कणांवर टेस्ट करते, मिनिटाला ८५ लिटर हवा ओढून, आणि किमान ९५ टक्के कण अडले तर तो ९५. आधीचं एन म्हणजे तेलकट कणांसाठी हा नाही. युरोपात एफएफपी२, चीनमध्ये केएन९५, नियम थोडे वेगळे पण सगळी भावंडंच.

आता या मधल्या कणांना पकडायचं कसं? एक मार्ग म्हणजे थर जाड करत जायचा, पण मग श्वासच घेता येणार नाही. दुसरा मार्ग जास्त हुशारीचा आहे, तो म्हणजे धाग्यांना विजेचा चार्ज द्यायचा, कायमचा, म्हणजे जवळून जाणारा कण आपोआप ओढला जाईल. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय, तेच तत्त्व, फक्त इथे चार्ज कापडात मुरवलेला असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. या चार्जिंगच्या तंत्रात मोठं काम आहे पीटर त्साय यांचं, मूळचे तैवानचे, टेनेसी विद्यापीठात होते. २०२०मध्ये ते रिटायर होऊन घरी बसलेले, आणि तुटवडा झाला तसे लोक त्यांना विचारायला लागले की हे मास्क परत कसे वापरायचे, तर हा माणूस घरातच मास्क गरम करून, वाफवून बघायला लागला. मला हे वाचून फार बरं वाटलं. आणि वाईट पण, कारण त्यांच्या म्हणण्यात स्पष्ट होतं की साबण नको, अल्कोहोल नको. मी दोन्ही केलं होतं.

गंमत बघा, पॉलिप्रॉपिलीन स्वतः पाण्याला जवळ करत नाही, नुसत्या पाण्याने चार्जचं लगेच फार बिघडत नाही. पण साबणाचं कामच मुळी पाणी आणि तेलकट गोष्टींची गाठ घालून देणं, तो धाग्यांवर पसरतो आणि चार्ज झाकून-घालवून टाकतो. अल्कोहोल त्याहून पक्कं. इतकं पक्कं की एअर फिल्टर तपासायचं जे आयएसओ १६८९० नावाचं स्टँडर्ड आहे त्यात फिल्टरचा चार्ज मुद्दाम काढून टाकायला आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफच वापरतात, चार्ज गेल्यावर हा फिल्टर किती पाण्यात आहे ते बघायला. म्हणजे इंजिनियर लोक फिल्टर बिघडवण्यासाठी जे करतात ते मी प्रेमाने, बाटलीतून, दोन्ही बाजूंनी केलं होतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी त्याच वर्षी मास्कच्या कापडावर वेगवेगळे उपाय करून मोजलं होतं. ९५च्या वरचं कापड अल्कोहोल मारून वाळवल्यावर ५६ टक्क्यांच्या आसपास आलं आणि क्लोरीनच्या द्रावणाने ७३च्या आसपास. एकाच फेरीत. म्हणजे अल्कोहोलनंतर जवळजवळ निम्मे कण आरपार, आणि मास्क दिसायला? तस्साच. तोच आकार, तीच इलॅस्टिकं, श्वास घ्यायलाही काही फरक नाही. फाटलेली चप्पल पायाला कळते, हे नाकाला कळत नाही.

मी एक आचरटपणा करून बघितला नंतर. ताईचा एक जुना, इलॅस्टिक तुटलेला मास्क होता, तो बरेच दिवस पिशवीत बंद पडून होता, तो कात्रीने मधोमध कापला. बाहेर एक खरखरीत थर, आत गालाला लागतो तो मऊ थर, आणि मधे ती पांढरी पातळ चादर, टिश्यू पेपरसारखी पण किंचित लवचीक. ती बोटांनी सोडवायला गेलो तर हाताला चिकटायची, झटकली की मनगटाला चिकटायची. थर्माकोलचे दाणे ताटलीत पसरून वर धरली तर पटापट उडून चिकटले. मग तिचाच अर्धा तुकडा सॅनिटायझरमध्ये बुडवला, रात्रभर वाळवला, सकाळी ताटलीवर धरला. दोन दाणे हलले, बाकी ढिम्म. आता हा काही शास्त्रीय प्रयोग नाही, हाताळताना घासून पण चार्ज येतो आणि थर्माकोल तर कशालाही चिकटतं, यावरून कुणी आपला मास्क पास-नापास करू नका. पण मला जे वाचून पटत नव्हतं ते त्या ताटलीत पटलं. ताईला दाखवलं तर म्हणाली, "एवढा वेळ होता तर माझा डबा तरी भरायचास."

तर मुद्दा असा की जंतू मारणं अवघड नाहीच. साबणाने मरतो, ब्लीचने मरतो, उकळून मरतो. अवघड आहे ते जंतू मरावा आणि मास्क जगावा. आणि मास्क जगणं यात पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक फिल्टर आणि दुसरं फिटिंग, म्हणजे कडेने हवा न शिरणं. शिवाय उपाय करताना वापरलेलं रसायन मास्कमध्ये शिल्लक राहायला नको, कारण आठ तास तुम्ही त्यातूनच श्वास घेणार. इथिलीन ऑक्साइडने हॉस्पिटलातल्या कितीतरी वस्तू निर्जंतुक करतात, पण तो वायू विषारी आहे, कॅन्सरला कारण ठरणारा आहे, तो कापडात अडकून राहिला तर? म्हणून तो मास्कसाठी बाद.

सगळ्यात बोलकं उदाहरण मला गॅमा किरणांचं वाटलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या किरणांखाली मास्क ठेवले. कल्पना चांगली होती, वैद्यकीय सामान असंच तर निर्जंतुक करतात, खोकेच्या खोके एकदम होतात. मास्क बाहेर आले, माणसांना घालून फिट टेस्ट केली, पास. मग फिल्टर मोजला तर तो घसरलेला. किरणांनी जंतूंबरोबर चार्ज पण गेला होता.

आता फिट टेस्ट पास कशी झाली, असा प्रश्न मला पडला होता, तुम्हालाही पडला असेल. ती टेस्ट म्हणजे डोक्यावर एक पारदर्शक टोप चढवतात, आत सॅकरिनचा किंवा कडू औषधाचा फवारा मारतात आणि तुम्हाला मान हलवायला, बोलायला, वाकायला लावतात. जिभेवर चव आली तर मास्क कडेने गळतोय. ताईची झालेली आहे, ती म्हणते कडूवाली झाली तर दिवसभर तोंड कडू राहतं. पण त्या फवाऱ्याचे थेंब बऱ्यापैकी जाड असतात, चार्ज नसलेला थर पण त्यांना अडवतो. म्हणजे टेस्ट फटी शोधते, फिल्टर नाही. म्हणजे माझे ते धुतलेले मास्क ताईने घालून टेस्ट दिली असती तर बहुतेक पास झाले असते! हे कळलं तेव्हा अंगावर काटाच आला होता.

मग चाललं काय? तीन गोष्टी मुख्यतः, आणि तिन्हींच्या आपापल्या भानगडी.

पहिलं हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ. बाटलीतलं द्रावण शिंपडायचं नाही, बंद खोलीत त्याची वाफ सोडायची आणि नंतर ती पूर्ण विरून जाऊ द्यायची, मागे उरतं पाणी आणि ऑक्सिजन. यात फिल्टर छान टिकतो. अमेरिकेत ओहायोमधल्या बॅटेल या संस्थेने याची मोठी यंत्रणा उभी केली, मार्च २०२०च्या शेवटी एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय सामानाला मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) आणीबाणीची परवानगी दिली, एका यंत्रणेतून दिवसाला ८०,००० मास्क आणि एकेक मास्क २० वेळा, असा हिशोब होता. याचा अभ्यास साथीच्या आधीच झालेला होता, एफडीएनेच करवून घेतलेला, २०१६ साली, आणि त्यात पण गंमत अशी की फिल्टरला काही झालं नव्हतं, २० फेऱ्यांच्या पुढे आधी इलॅस्टिकं जायला लागली होती. म्हणजे एवढं सगळं विज्ञान शेवटी लटकतंय कशावर तर रबराच्या दोऱ्यावर. आणि हो, ज्या मास्कमध्ये सेल्युलोज म्हणजे कागदी अंश आहे ते यात चालत नाहीत, तो पेरॉक्साइड पिऊन बसतो. लिपस्टिक किंवा मेकअपचे डाग असलेले मास्क पण बाद. हे मी ताईला सांगितलं तर ती हसली, म्हणाली बारा तास मास्कच्या आत लिपस्टिक लावणारी कोण आहे ती मला एकदा भेटायचंय. पुढे जानेवारी २०२१मध्ये २० वेळाचे ४ वेळा केले, आणि ३० जून २०२१ला एफडीएने या सगळ्याच परवानग्या काढून घेतल्या, कारण तोवर नवे मास्क पुरेसे मिळायला लागले होते. नवा मिळत असेल तर जुना धुवूपुसू नका, इतकं साधं.

दुसरं यूव्ही-सी, म्हणजे अतिनील किरणांमधला सगळ्यात तीव्र प्रकार. नेब्रास्का विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमध्ये एका खोलीत दोऱ्या बांधून त्यावर मास्क ओळीने टांगले आणि दोन्हीकडून यूव्हीचे मोठे दिवे लावले. तो फोटो बघून मला माझी दोरी आठवली, चिमटे तसेच, फक्त त्यांना आपण काय करतोय ते माहीत होतं. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश, आणि मास्कच्या प्रत्येक भागाला दर चौरस सेंटिमीटरला किमान १ ज्यूल, हे गणित. अडचण म्हणजे प्रकाश जिथे पडतो तिथेच काम होतं, घडीत, सावलीत, इलॅस्टिकच्या मागच्या बाजूला नाही. म्हणून इलॅस्टिकं वेगळी पुसायला सांगायचे. त्या काळात टॉर्चसारखे यूव्ही दिवे घरोघरी आले होते, आमच्या एका मित्राने पण घेतला होता आणि मोबाइल, किल्ल्या, मास्क, सगळ्यावरून देवाला ओवाळल्यासारखा फिरवायचा. त्याला किती सांगितलं की बाबा रे, पाच सेकंदात तेवढा डोस बसत नाही, आणि खरंच तेवढी ताकद असती तर तुझे डोळे आणि कातडी आधी भाजली असती. नखांच्या पॉलिशचे दिवे तर यूव्ही-ए, त्यांचा इथे संबंधच नाही. आणि आपलं ऊन? उन्हातला यूव्ही-सी वरती ओझोनच्या थरातच अडतो, जमिनीवर येतच नाही. उन्हाने काहीच होत नाही असं नाही, उरलेला यूव्ही आणि उष्णता थोडंफार करतात, पण 'कडक उन्हात टाकलं म्हणजे झालं' हे माझं जे ठाम मत होतं ते तिथेच गळालं.

तिसरी उष्णता. ही घरातल्या माणसाला सगळ्यात जवळची वाटते आणि म्हणूनच सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. त्साय यांनी सुचवलेलं म्हणजे ७० डिग्री कोरडी हवा, ३० मिनिटं, मास्क लाकडी चिमट्याने टांगलेला, धातूला कुठेही न टेकता. स्टॅनफर्डच्या मापात ८५ डिग्रीपर्यंत ५० फेऱ्या करूनही फिल्टर टिकला होता, उलट थेट वाफेत पहिले काही फेरे बरे गेले आणि पाच-दहापर्यंत घसरण दिसायला लागली. इलिनॉय विद्यापीठात तर साध्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये केलं, पाणी अजिबात न घालता, तळाला टॉवेलची घडी ठेवून, १०० डिग्रीच्या आसपास ५० मिनिटं, आणि २० फेऱ्यांनंतरही फिल्टर ९५च्या वर होता. ऐकायला किती सोपं ना. पण त्यांनी आतलं तापमान मोजलेलं होतं. घरातल्या ओव्हनचं बटण ७० वर ठेवलं म्हणजे आत ७० असतंच असं नाही, कॉइल लाल झाली की तिच्याजवळ भलतंच असतं, पॉलिप्रॉपिलीन १६० डिग्रीच्या पुढे वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडून आकार सोडतं. मायक्रोवेव्हमध्ये तर नाकावरच्या धातूच्या पट्टीमुळे ठिणग्या उडतात, मास्क पेटलेले आहेत लोकांचे. शिवाय ज्या ओव्हनमध्ये जेवण करायचं त्यात वॉर्डमधला मास्क घालायचा हे मला अजूनही झेपत नाही. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, या उष्णतेने हा विषाणू जातो पण काही चिवट जिवाणू, त्यांचे बीजाणू तसेच राहतात. म्हणून असा मास्क ज्याचा त्यालाच परत जायला हवा, दुसऱ्याला नाही.

फ्रीजरवाले पण होते. थंडीत विषाणू मरत नाही, उलट जास्त टिकतो, एवढं बोलून पुढे जातो.

आता आमच्या घरी शेवटी काय झालं ते. मास्कवर काहीच केलं नाही, आणि तेच सगळ्यात चांगलं चाललं. मार्च २०२०मध्ये अभ्यास आला होता की हा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडतो, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत. म्हणजे थांबलं की तो आपोआप संपतो. त्यावरूनच अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, सुचवलेलं होतं की माणशी पाच मास्क द्या, रोज एक, काढल्यावर हवा खेळणाऱ्या कागदी पिशवीत ठेवा आणि किमान पाच दिवसांनी परत काढा. ना रसायन ना उष्णता. मे महिन्यात ताईकडे कसेबसे पाच मास्क जमले तेव्हा मी वर्तमानपत्राच्या पाच पिशव्या चिकटवल्या, प्रत्येकीवर मार्करने वार लिहिले आणि बाल्कनीत सावलीत एका काठीला ओळीने अडकवल्या. सोमवारचा सोमवारी. कागदीच का, तर मास्क आत श्वासाने ओला झालेला असतो, प्लास्टिकमध्ये तो सुकत नाही, कुबट होतो, आणि दमट जागेत बाकीचे जंतू वाढतात ते वेगळेच. प्लास्टिकची पिशवी ही माझी त्या दिवशीची तिसरी चूक होती, ती तर मला चूक म्हणून दिसली पण नव्हती.

मास्कवर नाव लिहायचं ते पण इलॅस्टिकवर, पुढच्या बाजूला नाही. हे ताईने शिकवलं. पेनाने टोचत लिहिलं तर थराचं काय होणार, आणि मार्करच्या शाईतही अल्कोहोल असतंच की. आणि पिशवीतून काढताना पुढचा भाग धरायचा नाही, फक्त इलॅस्टिकं, मग हात धुवायचे, कारण विषाणू असलाच तर बाहेरच्या बाजूला असणार आणि आपण तोच हात नाकाकडे नेणार.

पण पिशव्या लावल्या म्हणून मास्क अमर होत नाही. जंतू थांबून मरतात, मास्क मात्र प्रत्येक वेळी घालताना-काढताना थोडा थोडा मरतो. इलॅस्टिक सैल पडतं, नाकावरची पट्टी वाकून वाकून मऊ होते, आतला फोम चेपतो. सीडीसीने कंपनीचं वेगळं काही सांगणं नसेल तर पाच वेळा घालायची मर्यादा घातली होती ती यासाठीच, फिल्टरसाठी नव्हे. ताई रोज निघताना आरशासमोर उभी राहून दोन्ही तळवे मास्कवर ठेवायची आणि जोरात श्वास सोडायची, मग ओढायची. ओढताना मास्क किंचित आत खेचला गेला पाहिजे आणि सोडताना डोळ्यांवर वारा यायला नको. मी पण तिचं बघून करून बघितलं तर माझ्या दोन्ही गालांतून फुरफुर वारा. "दाढी," ती म्हणाली, वर न बघता. दाढीच्या खुंटांतून हवा शिरते म्हणे, मग मास्क नवा असो की जुना, आत ९५ टक्के असो की ९९. मी दुसऱ्या दिवशी दाढी केली आणि परत करून बघितलं, तर खरंच बंद.

एक तक्रार करूनच थांबतो. २००६ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने फ्लूच्या साथीचा विचार करून हाच प्रश्न हातात घेतला होता, मास्क परत वापरता येतील का, आणि उत्तर दिलं होतं की सोपा, खात्रीचा मार्ग आत्ता तरी नाही. २००६ ते २०२० म्हणजे चौदा वर्षं झाली. मधल्या काळात अभ्यास झाले, चांगले झाले, पण पुरेसा साठा कुणी केला नाही आणि धुवून वापरता येईल असे मास्क पण फार कुणी घेतले नाहीत. असे मास्क आहेत बरं का, कारखान्यात रंगकाम करणारे वापरतात, रबरी तोंड आणि बाजूला बदलायचे फिल्टर, तोंड खुशाल साबणाने धुवा, फिल्टर तेवढे जपा. वॉर्डात ते घातलं की बोललेलं नीट ऐकू येत नाही, दिसतंही भयंकर, पेशंट घाबरतात, सगळं मान्य. पण पाच वर्तमानपत्री पिशव्यांपेक्षा बरंच.

पिशव्या मी जपून नाही ठेवल्या. बुधवारची आधी फाटली, मग ताईला मास्क पुरेसे मिळायला लागले तशी एकेक गेली. ते दोन धुतलेले मास्क मात्र मी टाकले नाहीत. जाड धुळीला अजून चांगले आहेत, तिला चार्ज लागत नाही, ती आपटूनच अडकते. पंखे पुसायचे असले की त्यातला एक मी लावतो, आणि ताई घरात असली की हमखास विचारते, "धुतलास का रे?"